गाणं कुणाचं, हे आधी विचारा

‘ताई, मी मूळचा इचलकरंजीचा. सहा वर्षांपासून टेक्सासमध्ये, डॅलसजवळ प्लेनोला राहतो. रोज जाऊन-येऊन दीड तास गाडीत जातो. इथल्या रेडिओवरचं कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, ऐकून माझी समजूत झाली होती, की पिकअप ट्रक, बिअर आणि शुक्रवारची रात्र एवढंच या संगीतात असतं. मार्चमध्ये एका सहकाऱ्याच्या गाडीत जॉन प्राइन नावाच्या गायकाचं “क्ले पिजन्स” ऐकलं. एक माणूस बसमध्ये बसून कुठेतरी निघालाय, एवढंच गाणं. घरी आल्यावर पार्किंगमध्ये गाडीतच बसून मी ते तीन वेळा ऐकलं. सहकारी म्हणाला, याला ऑल्ट-कंट्री म्हणतात, म्हणजे ‘ऑल्टरनेटिव्ह’, रेडिओवरच्यापेक्षा वेगळ्या वाटेचं कंट्री. अ‍ॅपवर शोधलं, तर तेच चाळीस-पन्नास कलाकार फिरून फिरून समोर येतात. या प्रकारातले फारसे माहीत नसलेले, पण मनापासून गाणारे लोक शोधायचे कसे? बायको म्हणते, काय हे रडगाणं लावता! अकरा वर्षांची मुलगी हसते. आणि मलाही मधूनच वाटतं, हे गोऱ्या शेतकऱ्यांचं संगीत, माझा त्याच्याशी काय संबंध?’

– वाटेवरचा श्रोता, प्लेनो

प्रिय श्रोते,

पार्किंगमध्ये बंद गाडीत बसून एकच गाणं तीन वेळा ऐकणाऱ्या माणसाला ‘शोधू कसं’ हे शिकवण्याची फारशी गरज नसते. शोध त्या संध्याकाळीच सुरू झालाय. धागा तुमच्या हातात आहे, फक्त तो ओढायचा राहिला आहे. म्हणून त्याच गाण्यापासून सुरुवात करू.

‘क्ले पिजन्स’ जॉन प्राइनचं नाही. त्यांनी ते २००५ साली ‘फेअर अँड स्क्वेअर’ या अल्बममध्ये गायलं. प्राइन स्वतः फार मोठे गीतकार. तरुणपणी शिकागोजवळच्या मेवुडमध्ये पोस्टमनची नोकरी करत पत्रं वाटता वाटता त्यांनी गाणी रचली आणि १९७१च्या पहिल्याच अल्बमने नाव मिळवलं. २०२०च्या एप्रिलमध्ये कोविडने ते गेले. स्वतःकडे इतकी गाणी असणारा माणूस साठीच्या उंबरठ्यावर दुसऱ्याचं गाणं उचलून आपल्या अल्बममध्ये घालतो, तेव्हा तो दुसरा कोण हे विचारायलाच हवं.

तो दुसरा म्हणजे ब्लेझ फोली. खरं नाव मायकेल डेव्हिड फुलर, जन्म १९४९ साली आर्कान्सामधल्या माल्व्हर्नचा. लहानपणी आई आणि भावंडांबरोबर चर्चमधली भजनं गायचा. सत्तरच्या दशकात जॉर्जियातल्या जंगलात, झाडावर बांधलेल्या घरात प्रेयसीबरोबर राहिला. नंतर ऑस्टिनला आला. त्या काळी शहरी लोकांमध्ये काउबॉय होण्याची टूम निघाली होती. बुटांच्या टोकांना चांदीचे पत्रे लावून ते मिरवायचे. फोलीने आपल्या बुटांच्या टोकांना रुपेरी डक्ट टेप गुंडाळली, आणि पुढे ती टेप त्याच्या कपड्यांवरही चढली. राहायला घर नसे, मित्रांच्या सोफ्यांवर झोपायचा. केलेली ध्वनिमुद्रणं कधी चोरीला गेली, कधी गायब झाली. १९८८च्या डिसेंबरात ऑस्टिनमधल्या आउटहाउस नावाच्या छोट्या बारमध्ये दोन रात्री तो गायला, ते मात्र टेपवर उतरलं. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, १ फेब्रुवारी १९८९ला, मित्राच्या मुलाशी झालेल्या भांडणात गोळी लागून तो गेला. वय ३९. मित्रांनी शवपेटीवर डक्ट टेप लावून त्याला निरोप दिला.

आज तुम्ही ‘लाइव्ह अ‍ॅट द ऑस्टिन आउटहाउस’ लावा. तेच ‘क्ले पिजन्स’ त्याच्या आवाजात ऐका. प्राइनच्या आवाजात बसमध्ये बसलेला माणूस थोडा हसरा वाटतो, आयुष्य पाहून झालेला. फोलीच्या आवाजातल्या माणसाच्या खिशात मात्र तिकिटापुरतेच पैसे आहेत.

आता इथून किती वाटा फुटतात ते बघा. गायिका लुसिंडा विल्यम्सच्या १९९८च्या ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’मध्ये ‘ड्रंकन एंजल’ नावाचं गाणं आहे. ते ब्लेझ फोलीवर लिहिलेलं. म्हणजे एका गाण्याच्या मागे एक माणूस, आणि त्या माणसावर दुसऱ्या बाईने रचलेलं गाणं. फोलीचा जिवलग मित्र टाउन्स व्हॅन झँट, जन्म तुमच्या शेजारच्या फोर्ट वर्थचा, १९४४चा. टाउन्सचा मित्र गाय क्लार्क, पश्चिम टेक्सासमधल्या मोनाहान्सचा, जो गाणीही रचायचा आणि स्वतःच्या हाताने गिटारीही घडवायचा. या दोघांच्या पायाशी बसून शिकलेला स्टीव्ह अर्ल. सहकाऱ्याच्या गाडीतल्या एका गाण्यापासून आपण सहा जणांपर्यंत आलो, आणि अ‍ॅपला काही विचारावं लागलं नाही.

तुम्ही इचलकरंजीचे, म्हणजे लहानपणी घरात सांगली आकाशवाणी लागत असणार. गाणं लागण्यापूर्वी निवेदिका काय सांगायची, आठवतं? ‘गीत शांता शेळके, संगीत हृदयनाथ मंगेशकर.’ गाणाऱ्या आवाजाच्या आधी शब्द कुणाचे आणि चाल कुणाची, हे कानावर पडायचं. आपल्या पिढीला गाण्यामागची माणसं माहीत झाली ती त्या एका वाक्यामुळे. अ‍ॅपने ते वाक्य काढून टाकलं. गाणं संपतं आणि पुढचं सुरू होतं, मधे कुणी कुणाचं नाव घेत नाही. माझा सल्ला एवढाच आहे, की निवेदिकेचं ते वाक्य परत आणा. आवडलेल्या प्रत्येक गाण्याच्या वेळी लिहिलं कुणी, वाजवलं कुणी, ध्वनिमुद्रण कुणाच्या हाताखाली झालं, हे बघा. अ‍ॅपमध्ये गाण्याशेजारी तीन ठिपके असतात, त्यात क्रेडिट्स सापडतात. तिथे माहिती तोकडी निघाली, तर जुनी सीडी किंवा रेकॉर्ड मिळवून आतला कागद वाचा. डॅलसच्या परिसरात जुन्या रेकॉर्डींची दुकानं आहेत, शनिवारची सकाळ तिथे घालवा.

या सल्ल्याला कारण आहे. ऑल्ट-कंट्रीतला अनोळखी कलाकार सहसा फक्त आपल्याला अनोळखी असतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांमध्ये तो चांगला माहीत असतो. टाउन्सचं ‘पाँचो अँड लेफ्टी’ घ्या. त्याने ते १९७२ साली गायलं, तेव्हा रेडिओने ढुंकून पाहिलं नाही. एमिलू हॅरिसने ते १९७७ला गायलं. १९८३ साली विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड या कंट्रीतल्या दोन बड्या गायकांनी गायलं आणि ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या गाण्याच्या व्हिडिओत टाउन्स एका छोट्या भूमिकेत दिसतो. लाखो लोकांनी तो पाहिला असेल, पण गाणं याचं आहे हे त्यातल्या किती जणांना कळलं असेल! या संगीतात गाणं पुढे पोचतं आणि रचणारा मागे राहतो. म्हणूनच गाण्यावरून उलट चालत गेलं की तो भेटतो.

टाउन्सचं काय ऐकायचं, ते आत्ताच सांगते: ‘लाइव्ह अ‍ॅट द ओल्ड क्वार्टर’. ह्यूस्टनमधल्या एका चिमुकल्या बारमध्ये जुलै १९७३च्या उकाड्यात केलेलं ध्वनिमुद्रण, अल्बम निघाला १९७७ साली. एक माणूस, एक गिटार, बाटल्यांचा किणकिणाट, मधूनच एखादा विनोद. त्याच्या स्टुडिओतल्या अल्बमांवर त्या काळच्या निर्मात्यांनी व्हायोलिनं नि बासऱ्या चढवल्या होत्या. इथे तसलं काही नाही, गाणी हाडामांसाची ऐकू येतात. पहिल्या ऐकण्यात सपाट वाटेल. तिसऱ्या वेळी एखादी ओळ अचानक घशाशी येईल.

वाजवणाऱ्यांच्या आणि निर्मात्यांच्या नावांनी तर दारंच दारं उघडतात. फोलीबरोबर गिटार वाजवणारा त्याचा एक मित्र होता, गर्फ मॉर्लिक्स. लुसिंडा विल्यम्सच्या १९८८च्या अल्बमवर गिटार त्याची, निर्मितीतही त्याचा हात. त्याचं नाव धरून पुढे जा, तर मेरी गोशे भेटते. स्पेलिंग पाहून आपण ‘गॉथियर’ म्हणतो, उच्चार गोशे. तिचे ‘फिल्थ अँड फायर’ (२००२) आणि ‘मर्सी नाउ’ (२००५) मॉर्लिक्सच्याच हाताखालून गेलेले. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मल्यावर अनाथालयात ठेवलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी दत्तक घरातून पळाली, व्यसनात बुडाली, सावरली, बॉस्टनमध्ये रेस्टॉरंट चालवलं आणि तिशी उलटून गेल्यावर तिने पहिलं गाणं लिहिलं. ‘मर्सी नाउ’ ऐकताना गाडी बाजूला घ्यावी लागली, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. माझी एकदा लागली होती.

रेडिओचं कोडं थोडक्यात सोडवते, कारण त्यात फार रस घेण्यासारखं काही नाही. अमेरिकेत १९९६ सालापर्यंत एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त चाळीस रेडिओ केंद्रं बाळगता येत होती. त्या वर्षीच्या कायद्याने ती मर्यादा उठली, आणि काही वर्षांतच एकाच कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रं गोळा झाली. गावातला निवेदक आपल्या आवडीची रेकॉर्ड लावत असे, ते जवळजवळ संपलं. मोजकी गाणी सगळ्या देशात दिवसभर फिरू लागली. तुम्हाला प्लेनोत ऐकू येतं ते हे.

आणि ‘ऑल्ट-कंट्री’ या नावाचंही फार मनावर घेऊ नका. इलिनॉयमधल्या बेलव्हिलच्या अंकल टुपेलो या बँडने १९९० साली ‘नो डिप्रेशन’ हा अल्बम काढला. नाव कार्टर फॅमिली या सुरुवातीच्या काळातल्या कंट्री गाणाऱ्या कुटुंबाने १९३६ला गायलेल्या एका भजनावरून घेतलेलं. पंक, म्हणजे रांगडं, दणदणीत रॉक, ऐकत वाढलेल्या पोरांनी जुनं कंट्री प्रेमाने आणि जोरात वाजवलं, ते लोकांना नवं वाटलं. त्याच नावाचं मासिक १९९५ला सिअ‍ॅटलमधून सुरू झालं, आणि त्याच्या मुखपृष्ठावर ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’च्या पुढे कंसात ‘ते जे काही असेल ते’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असत. ते २००८ला छापायचं बंद झालं, २०१५पासून परत छापलं जाऊ लागलं. त्याचे जुने अंक मिळाले तर सोडू नका. मी शिकागोत शिकायला होते तेव्हा ग्रंथालयात त्याचे अंक येत, आणि मुख्य लेखांपेक्षा मागच्या पानांवरची बारीक टाइपातली परीक्षणं मी जास्त वाचायची. माझे आवडते निम्मे कलाकार मला तिथे भेटले.

शहर धरून शोधणं हीही एक फार सुंदर रीत आहे, आणि तुम्ही राहता त्या राज्यात तर ती सोन्यासारखी उपयोगी पडेल. प्लेनोपासून पश्चिमेला पाच-सहा तासांवर लबक आहे. सपाट माळ, कापूस, धुळीची वादळं. रॉक अँड रोल गायक बडी हॉलीचं गाव. तिथल्या तिघा मित्रांनी, जिमी डेल गिलमोर, जो इली आणि बुच हँकॉक यांनी, द फ्लॅटलँडर्स नावाचा बँड काढला आणि १९७२ साली नॅशव्हिलला जाऊन अल्बम ध्वनिमुद्रित केला. कंपनीने तो फक्त एट-ट्रॅक या त्या काळच्या जाड कॅसेटवर काढला, म्हणजे कुणाच्याच हाती फारसा लागला नाही. बँड पांगला. इली रॉककडे वळला, पुढे द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडबरोबर दौऱ्यांवर गेला. हँकॉक गाणी रचत राहिला. गिलमोर डेन्व्हरला एका भारतीय गुरूच्या आश्रमात काही वर्षं जाऊन राहिला. तोवर तिघांची स्वतंत्र नावं झाली होती, आणि १९९०ला तेच जुनं ध्वनिमुद्रण ‘मोर अ लेजंड दॅन अ बँड’ या नावाने पुन्हा आलं. बँडपेक्षा दंतकथाच मोठी, असा त्या नावाचा भाव. अगदी खरा.

त्यातलं पहिलंच गाणं तुमच्या गावावर आहे. नाव ‘डॅलस’. रात्री विमानातून दिसणारं झगमगतं डॅलस, आणि खाली उतरल्यावर तेच शहर गरिबाशी कसं वागतं ते. सहा वर्षांत तुम्ही कितीदा रात्रीच्या विमानाने तिथे उतरला असाल. मुंबईहून येताना, झोप न झालेल्या डोळ्यांनी खाली दिव्यांची जाळी पाहिली असेल. गिलमोरचा तो कापरा, नाकातून येणारा आवाज ऐकताना तुम्हाला ती खिडकी आठवेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

आणि तुमच्या मुलीसाठी: त्या अल्बममध्ये करवत वाजते. सुताराची करवत, गुडघ्यात धरून, वाकवून, व्हायोलिनच्या गजाने वाजवलेली. भुताने शीळ घालावी तसा सूर निघतो. तिला आधी काही सांगू नका, गाणं लावा आणि हा आवाज कशाचा ते ओळखायला सांगा. हसणाऱ्या मुलीला गंभीरपणे ऐकायला बसवण्यात अर्थ नाही. कोडं घातलं तर ती आपण होऊन ऐकेल. लबकचाच टेरी अ‍ॅलन, चित्रकार आणि शिल्पकार, त्याचा १९७९चा ‘लबक (ऑन एव्हरीथिंग)’ हा दुहेरी अल्बम तुम्ही एकट्याने ऐका. एका गावावर इतक्या मायेने नि इतक्या चिडून रचलेलं दुसरं काही मी ऐकलेलं नाही.

वहिनींच्या ‘रडगाण्या’बद्दल. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. घरात कुणाच्या कानावर शब्दांशिवाय नुसता सूर पडतो, तेव्हा ही गाणी खरंच कण्हल्यासारखी वाटतात. टाउन्स आणि फोली गाडीतच ठेवा. घरात जॉन प्राइनचा १९९९चा ‘इन स्पाइट ऑफ अवरसेल्व्हज’ लावा. वेगवेगळ्या गायिकांबरोबरची युगुलगीतं आहेत. त्यातलं शीर्षकगीत म्हणजे एका संसारी जोडप्याने एकमेकांची उणीदुणी काढत केलेली लाडीगोडी. भाषा जरा मोकळी आहे, मुलगी झोपल्यावर लावा. त्यात प्राइनबरोबर गाणारी बाई म्हणजे आयरिस डिमेंट, आणि तिच्याजवळ मला थोडं थांबायचंय.

आयरिस डिमेंट आर्कान्सातल्या पॅरागोल्डजवळची, चौदा भावंडांत धाकटी. ती तीन वर्षांची असताना कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं. घरात पेंटेकोस्टल चर्चची भजनं आणि आईचं गाणं. पहिलं गाणं पंचविशीत लिहिलं, पहिला अल्बम ‘इन्फेमस एंजल’ १९९२चा. आवाज असा, की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. पातळ, टोकदार, घासलेला, शिकवणीचा हातच न लागलेला. आपल्याकडे पहाटे जात्यावर बसलेली म्हातारी जशी ओवी उचलते, कुणाला ऐकवायची नसते, दळणाबरोबर निघते, तसा. त्या अल्बमचं शेवटचं भजन तिने आईला गायला लावलंय, ती स्वतः मागून साथ करते. साठी-सत्तरीतली बाई स्टुडिओत उभी राहून, आयुष्यभर भांडी घासताना गायली तसंच गाते. ते वहिनींना ऐकवा. इंग्रजी शब्द न कळताही त्यातलं घर कळतं. आवाजाशी दोन दिवस भांडण होईल, ते होऊ द्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा लावा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो तुम्ही चाचरत विचारलाय. हे गोऱ्या शेतकऱ्यांचं संगीत आहे का?

बॅन्जो पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांवरून आला, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी तो अमेरिकेत घडवला. कंट्रीचा आद्य गायक जिमी रॉजर्स, त्याच्या १९३०च्या एका ध्वनिमुद्रणावर ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँग या काळ्या जॅझवादकाची आहे. कार्टर फॅमिलीतले ए. पी. कार्टर डोंगरांतून गाणी गोळा करत हिंडायचे, तेव्हा चाली लक्षात ठेवायला बरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या सिताऱ्यांपैकी एक, हार्मोनिका वाजवणारा डिफोर्ड बेली, हाही काळाच. ही नावं बराच काळ मागे ढकलली गेली. रियानन गिडन्स ही काळी गायिका आणि तिचे दोन मित्र नॉर्थ कॅरोलायनात जो थॉम्प्सन या वृद्ध काळ्या फिडलवादकाच्या (फिडल म्हणजे व्हायोलिनच) घरी जाऊन बसू लागले, त्याच्याकडून चाली शिकले, आणि त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला. गिडन्स आता कुणाला अनोळखी नाही, पण तिच्याबरोबर ‘साँग्ज ऑफ आवर नेटिव्ह डॉटर्स’ (२०१९)मध्ये गायलेली अ‍ॅमिथिस्ट काया तुम्ही नक्की शोधा. तिचा ‘वेअरी + स्ट्रेंज’ (२०२१) रात्री, दिवे मालवून ऐका.

आणि या गाण्यांच्या मागून जो रडवेला, घसरत जाणारा सूर येतो, ती स्टील गिटार हवाईची. तारेवरून पोलादी कांडी सरकवत एका स्वरातून दुसऱ्यात जाणं म्हणजे आपली मींडच. विश्वमोहन भट यांनी त्याच जातीच्या गिटारीतून मोहनवीणा घडवली, आणि १९९५ साली कंट्रीतल्या डोब्रोचे, म्हणजे आडवी धरून वाजवायच्या गिटारीचे, उस्ताद जेरी डग्लस यांच्याबरोबर ‘बर्बन अँड रोजवॉटर’ हा अल्बम केला. दोघांना एकमेकांचं वाद्य समजावून घ्यायला फार वेळ लागला नसावा असं ते ऐकताना वाटतं. तुमचा कान त्या सुरावर थांबला, कारण तो तुम्हाला आधीपासून ओळखीचा आहे. परवानगी कुणाची घ्यायची राहिलेली नाही.

प्रत्यक्ष जाऊन ऐका, हे मात्र आग्रहाने सांगते. तुम्ही टेक्सासमध्ये आहात, या संगीताच्या अंगणात. डॅलसच्या ओक क्लिफ भागात केसलर थिएटर आहे, ऑस्टिनला कॉन्टिनेन्टल क्लब आहे, न्यू ब्राउनफेल्समधला ग्रीन हॉल तर १८७८ पासून उभा आहे. कर्व्हिलला १९७२ पासून लोकसंगीताचा महोत्सव भरतो, मेच्या अखेरीस सुरू होऊन जूनमध्ये संपतो, आणि त्यात नव्या गीतकारांची स्पर्धा असते. एखाद्या माहितीच्या कलाकाराचं तिकीट काढलंत, तर मुख्य गायकाच्या आधी कोण गाणार ते पाहा आणि वेळेवर पोचा. ती आधीची अर्धी मैफल हा नवे लोक भेटण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग. कार्यक्रम झाला की गायक स्वतःच दाराशी टेबल मांडून रेकॉर्डी विकत बसलेला असतो. एक विकत घ्या. अ‍ॅपवर हजारदा ऐकल्याने त्याला मिळत नाही इतकं त्या एका खरेदीतून त्याच्या पदरात पडतं. आणि पैसे देताना एकच प्रश्न विचारा: सध्या तुम्ही स्वतः कुणाचं ऐकताय?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो शिकागोत, हिवाळ्यात, पंचवीस-तीस श्रोते असलेल्या एका बारमध्ये. गायक दमलेला होता, गिटार पेटीत ठेवत होता. प्रश्न ऐकल्यावर चेहरा खुलला. माझ्या तिकिटाच्या मागे त्याने पेन्सिलीने तीन नावं लिहून दिली. त्यातलं एक टाउन्स व्हॅन झँटचं होतं. ते तिकीट अजून माझ्याकडे आहे.

जिवंत, आज गाणाऱ्यांपैकी दोघांची नावं देते, दोघेही तुमच्या टप्प्यात. जेम्स मॅकमर्ट्री, जन्म फोर्ट वर्थचा, कादंबरीकार लॅरी मॅकमर्ट्री यांचा मुलगा. त्याची गाणी म्हणजे चार मिनिटांच्या कथा. ‘कॉम्प्लिकेटेड गेम’ (२०१५)पासून सुरुवात करा. आणि चार तास उत्तरेला, ओक्लाहोमातल्या टल्साचा जॉन मोरलँड. ‘इन द थ्रोज’ (२०१३) ऐका. बाकीची नावं तुम्हाला हे दोघे देतील, म्हणून मी देत नाही.

एक गोष्ट काळजीपोटी. रोज दीड तास एकट्याने गाडीत ही गाणी ऐकणार आहात. फोली ३९व्या वर्षी गेला. टाउन्सला तरुणपणी मनोविकारावर इन्सुलिनचे झटके दिले गेले, त्यात बालपणाच्या आठवणी पुसल्या गेल्या. पुढे दारूने शरीर पोखरलं आणि १ जानेवारी १९९७ला, ५२व्या वर्षी, तो गेला. ओहायोचा जेसन मोलिना, ज्याचा २००३चा ‘मॅग्नोलिया इलेक्ट्रिक कंपनी’ मला जिवापाड आवडतो, २०१३ला ३९व्या वर्षी दारूपायी गेला. त्यांच्या दुःखामुळे गाणी चांगली झाली, असं लोक लिहितात. मला ते पटत नाही. दारूने त्यांची पुढची गाणी हिरावून नेली. गाय क्लार्क २०१६पर्यंत, ७४व्या वर्षापर्यंत, तळघरात गिटारी घडवत नि गाणी लिहीत राहिला. तेही याच घराण्यातलं आयुष्य. म्हणून टाउन्सच्या एका अल्बमनंतर क्लार्कचा ‘ओल्ड नंबर वन’ (१९७५) लावत जा. त्यात तेलविहिरी खोदणाऱ्या एका म्हाताऱ्यावरचं गाणं आहे, आजीच्या हॉटेलात राहणारा, ज्याने लहानग्या क्लार्कला पोरासारखं वाढवलं. त्या म्हाताऱ्याला ऐकताना तुम्हाला इचलकरंजीतला कुणीतरी नक्की आठवेल.

आणि एका वेळी एकच अल्बम, आठवडाभर. सोमवारी सकाळी फ्लॅटलँडर्सपासून सुरुवात करा. करवतीचा आवाज ऐकून मुलगी काय म्हणाली, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई